सातव्या पावलाशी खांब

फॉर्म दोन पानी आहे.
पहिल्या पानावर क्लासचं नाव, पत्ता :
महापालिका शाळा, घोडपदेव, दुसरा मजला,
मंगळवार-शुक्रवार, साडेसहा ते आठ.
दुसऱ्या पानावर एकच रकाना, लांबलचक :
गुरू. गुरूंचे गुरू. त्यांचे गुरू.
असं थेट मूळ पुरुषापर्यंत.

पहिली ओळ सोपी.
एर्नेस्ट कोरिया, माथारपाखाडी, माझगाव.
आम्ही मुली हसायचो :
विद्या जपानी आणि शिकवतोय कोरिया.
सरांच्या कानावर गेलं होतं ते.
बोलले काही नाहीत. दहा दंड वाढवले.

दुसरी ओळ भिकाजी धुरी, फिटर, मूळचे आचऱ्याचे.
मी त्यांना एकदाच पाहिलं,
सरांच्या जिन्यात बसलेले,
दम्याने वाकलेले, हातात पंप.
तरी मागून कोणी उतरलं की
खांदा आपोआप खाली जायचा.

तिसऱ्या ओळीवर पेन रेंगाळतं.
दुरुस्तीला लागलेल्या एका मालवाहू जहाजावरचा
भंडारी, म्हणजे आचारी.
बांगडा साफ करायला धरावा
तसं मनगट धरायचा, असं धुरी सांगायचे.
नाव तामुरा. धुरींच्या तोंडी तांबरू.
दोघांत भाषा नव्हती, नुसते आकडे :
इची, नी, सान, शी...
आणि आठावर आला की तो म्हणायचा, हाची.
धुरींना वाटायचं, काहीतरी दाखवतोय माणूस,
हाच, हाच, नीट बघ.
म्हणून आमच्याकडे आजही
आठवा फटका सगळ्यांत जड.

चौथ्या ओळीचं धुरींनी विचारलं होतं म्हणे, खुणेने :
आणि तुला कोणी?
तांबरूने सांगितलंही, अख्खं नाव, गावासकट,
पण शेजारच्या गोदीत रिव्हेट ठोकत होते.
पुन्हा विचारायची लाज वाटली.
जहाज गुरुवारी सुटलं.

मार्चमध्ये ओसाकाहून परीक्षक आल्या.
हायामी बाई, माझ्याच वयाच्या, गुडघ्याला पट्टा.
पोरांनी तिसरा काता सुरू केला
आणि सातव्या पावलाला तीसच्या तीस जण
डावीकडे अर्धं वळून,
कशाला तरी वळसा घालून पुन्हा रेषेवर आले.
बाईंनी हात वर केला.
हे काय? हे तर कुठेच नाही.
दुभाषा पोरगा माझ्याकडे बघत राहिला.

मी म्हटलं, तिथे खांब आहे.

गोदीतल्या शेडमध्ये होता, बिडाचा, तेलकट.
रात्रपाळी सुटली की कंदील लावून
धुरी तिथे सरांना शिकवायचे.
शेड पाडून वीस वर्षं झाली,
आता तिथे गाड्या लागतात.
सरांनी आम्हाला गच्चीवर शिकवलं,
गच्चीवर कसला आलाय खांब?
पण वळसा आला. आम्ही विचारलं नाही,
गुरू वळतो तिथे वळायचं.

यातलं दुभाष्याने किती सांगितलं, ठाऊक नाही.
बाई उठल्या. पट्टा जरा आवळला.
पहिल्यापासून काता केला, हळू,
पाण्यात चालावं तसा.
सातव्याशी क्षणभर थांबल्या
आणि सरळ गेल्या,
खांबातून आरपार.
समिधा वायंगणकर, वय आठ, पुढच्या रांगेत,
आई गं, म्हणाली
आणि स्वतःचंच कपाळ चोळलं.

शेरा मिळाला : सुधारणा आवश्यक.
करतेय की सुधारणा.
शुक्रवारी सरळ शिकवते, परीक्षेपुरतं.
मंगळवारी वळसा.
समिधा दोन्ही दिवशी वळते.

फॉर्मची मुदत सोमवारी संपते.
चौथ्या ओळीत मी पेन्सिलने लिहिलंय :
नाव सांगितलं होतं, ठोकाठोकी चालू होती.
शाईने गिरवायचं की खोडायचं,
ते अजून ठरत नाही.